हे पुस्तक आता कोणाचे?

घरात हाताशी असेल ते मराठी पुस्तक उघडा आणि शीर्षकपृष्ठ उलटून त्याच्या पाठीवरचा मजकूर पाहा. प्रकाशकाचे नाव, छापखान्याचा पत्ता, आवृत्तीचे वर्ष, किंमत. आणि या गर्दीत कोठेतरी बारीक टाइपात तीन शब्द असतील : ‘सर्व हक्क स्वाधीन’. मी एकतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. हे तीन शब्द मी किती वेळा तपासले असतील त्याची गणती नाही. ‘स्वाधीन’मधला ‘धी’ दीर्घ आहे ना, एवढे पाहावयाचे आणि पुढच्या फर्म्याकडे वळावयाचे, असा माझा क्रम असे. हक्क कोणाच्या स्वाधीन, कशाचे आणि किती दिवस, हा प्रश्न त्या एकतीस वर्षांत मला एकदाही पडला नाही. तो पडला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, मुलाच्या सातव्या मजल्यावरील बिऱ्हाडी. आणि त्याला कारण झाली माझी अक्का.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती जळगावला असते. जेवताना डाव्या हाताशी पुस्तक ठेवण्यावरून तिने लहानपणी आईची पुष्कळ बोलणी खाल्ली आणि ती सवय शेवटपर्यंत सोडली नाही. गेल्या काही वर्षांत काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू नेली. प्रथम वर्तमानपत्र गेले, मग पोथी, मग भिंतीवरच्या कॅलेंडरातले मोठे आकडेही. तिने कधी तक्रार केली नाही; परंतु एके दिवशी फोनवर ती मला म्हणाली, “बापू, तू जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं वाचलीस ती चुका काढायला. आता एक माझ्यासाठी वाच. ‘श्यामची आई’च वाच.”

साने गुरुजी आमच्या खानदेशचे शिक्षक. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात त्यांनी शिकवले. नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत त्यांनी हे पुस्तक लिहून काढले, ही गोष्ट आमच्या घरी त्या पुस्तकाइतकीच वेळा सांगितली जाई. तेव्हा अक्काने मागावे आणि मी नाही म्हणावे, असे होणे नव्हते.

परंतु इलेक्ट्रॉनिक सिटीत शांत वेळ मिळणे सोपे नाही. कोनप्पन अग्रहार, दोड्डतोगूर अशी जुनी नावे अजून पाट्यांवर दिसतात; त्या खेड्यांच्या शिवारात कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या महामंडळाने एकोणीसशे सत्तरच्या दशकात ही वसाहत आखली. आज येथे सकाळी साडेसात वाजल्यापासून कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. वर उड्डाणमार्ग, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून मेट्रोही. म्हणून मी पहाटे पाचला उठून, खिडक्या लावून, मुलाच्या जुन्या फोनसमोर वाचू लागलो. रोज एक रात्र. पुस्तकात अशा बेचाळीस रात्री आहेत. वाचन संपले की ते अक्काला पाठवावयाचे. ती ते ऐकून आपल्या भजनी मंडळातल्या बायकांना पाठवी, त्या आपल्या लेकीसुनांना. पाहता पाहता माझा घोगरा आवाज भुसावळपासून धुळ्यापर्यंत पोहोचला.

दहाव्या की अकराव्या रात्री आमच्या सूनबाईने विचारले, “बाबा, या पुस्तकाचे हक्क कोणाकडे आहेत?”

मला प्रथम हसू आले. मग थोडा रागही आला. गुरुजींच्या पुस्तकाचा हक्क विचारावयाचा! पण या गावात तो प्रश्न दारात चपला काढण्याइतका नित्याचा आहे. ती येथल्या एका कंपनीत संगणकाच्या आज्ञावली लिहिते. तिने समजावून सांगितले तेव्हा मला कळले की, कायद्याच्या व्याख्येत ‘साहित्यकृती’ या शब्दात संगणकाची आज्ञावलीही येते. कवितेला जे संरक्षण, तेच तिच्या त्या कंसांनी आणि आकड्यांनी भरलेल्या ओळींना. मात्र त्या ओळी तिच्या नाहीत. नोकरीत असताना, नोकरीचे काम म्हणून जे लिहिले त्याचा पहिला धनी मालक, जर करारात काही वेगळे ठरले नसेल तर. “आठ वर्षं मी रोज लिहिते आहे बाबा,” ती म्हणाली, “आणि त्यातली एकही ओळ माझी नाही.” तिने हे दुःखाने सांगितले नाही. मलाच ते थोडे लागले.

तेव्हा प्रश्न मनावर घेतला आणि मुद्रितशोधकाच्या चिकाटीने कायदा वाचू लागलो. तो १९५७ चा. २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. वाचकहो, त्याची भाषा रुक्ष असली तरी मुद्दा आपल्या आजोळच्या व्यवहारासारखा सरळ आहे. माणसाने काही लिहिले, चितारले, स्वरबद्ध केले की ते त्या क्षणी त्याचे होते. कोठे नोंद करावी लागत नाही, तिकीट लावावे लागत नाही. नोंदणीची सोय आहे, ती पुराव्यासाठी. ‘सर्व हक्क स्वाधीन’ हे शब्द छापले नाहीत तरी हक्क असतोच. म्हणजे ज्या शब्दांची शुद्धता मी जन्मभर सांभाळली त्यांची तशी गरजही नव्हती! असो. मात्र हा हक्क कल्पनेवर नसून मांडणीवर असतो. आईच्या आठवणी लिहिण्याची कल्पना कोणाचीच नाही. गुरुजींनी त्या ज्या शब्दांत लिहिल्या ते शब्द त्यांचे.

आणि हा हक्क कायमचा नाही. मला सर्वांत नवल वाटले ते याचे. शेत वारसांकडे पिढ्यान्‌पिढ्या जाते. पुस्तक जात नाही. लेखक जिवंत आहे तोवर आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, एवढीच त्याची मुदत. ही साठ वर्षे मृत्यूच्या दिवसापासून मोजावयाची नाहीत. पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजावयाची. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. मोजणी सुरू झाली १९५१ च्या आरंभी, संपली ३१ डिसेंबर २०१० च्या मध्यरात्री. १ जानेवारी २०११ रोजी ‘श्यामची आई’ तुमची झाली, माझी झाली, अक्काच्या भजनी मंडळाची झाली. ते छापा, वाचा, त्याचे नाटक करा, कोंकणीत नेऊन विका. कोणाची परवानगी नको. अशा कृतीला हल्ली ‘प्रताधिकारमुक्त’ म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण त्यावाचून चालत नाही.

या हिशेबात मला एक गंमत सापडली. १९५७ च्या कायद्यात मुदत साठ नव्हे, पन्नास वर्षांची होती. तीच राहती तर ‘श्यामची आई’ दहा वर्षे अगोदर, २००१ मध्येच मुक्त झाली असती. आड आले ते रवींद्रनाथ ठाकूर. ते १९४१ मध्ये निवर्तले, म्हणजे १९९१ च्या अखेरीस त्यांचे सारे वाङ्मय मुक्त व्हावयाचे होते. त्याचे हक्क होते शांतिनिकेतनच्या विश्वभारतीकडे. मुदत संपली की कोणीही कसेही छापील, गीतांच्या चाली बिघडवील, ही तेथली चिंता. उत्पन्न बुडेल हीही असणारच. १९९१ च्या अगदी शेवटच्या दिवसांत केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि मुदत दहा वर्षांनी वाढवली; १९९२ मध्ये संसदेने तसा कायदा केला. पण एका कवीसाठी कायदा करता येत नाही. तो सर्वांना लागू झाला. बंगालच्या कवीला दहा वर्षे मिळाली तशी खानदेशच्या मास्तरांच्या पुस्तकालाही मिळाली. आणि ठाकुरांचे वाङ्मय शेवटी २००२ च्या आरंभी मुक्त झालेच. त्यानंतर काही आकाश कोसळले नाही. मला विचाराल तर त्या दहा वर्षांनी वाचकाचे हित झाले नाही; पण विश्वभारतीची भीती मी खोटी म्हणणार नाही. छापखान्यात मी घाईघाईने, चुकांसकट उरकलेल्या स्वस्त आवृत्त्या पाहिल्या आहेत.

गांधीजींची गोष्ट याच्या उलट. ‘हिंद स्वराज्य’ची इंग्रजी आवृत्ती त्यांनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत काढली तेव्हा तिच्यावर, कोणतेही हक्क राखलेले नाहीत, असे छापले. पुढे मात्र त्यांनी आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन संस्थेकडे सोपवले. ती मुदत २००८ च्या अखेरीस संपली, आणि नवजीवनने ती वाढवून मागितली नाही.

हे सारे मी अक्काला फोनवर सांगितले. ती लक्षपूर्वक ऐकत होती. नंतर तिने एकच विचारले : “आणि आपल्या बहिणाबाईचं काय?”

हा प्रश्न जळगावच्या बाईनेच विचारावा! बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या. लिहिणे-वाचणे त्यांना ठाऊक नव्हते. जात्यावर आणि शेतात त्या ओव्या म्हणत, घरची माणसे त्या उतरून घेत. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. त्यानंतर त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. जे लेखन कर्त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेच नाही, त्याची साठ वर्षे मृत्यूपासून नव्हे तर प्रसिद्धीपासून मोजतात. त्या हिशेबाने ही गाणी १ जानेवारी २०१३ रोजी मुक्त झाली. पण पाहा, त्याच पुस्तकाला अत्र्यांची प्रस्तावना आहे. आणि अत्रे गेले १३ जून १९६९ रोजी. म्हणजे त्या प्रस्तावनेचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालू आहे. एकाच पुठ्ठ्यात अर्धे पुस्तक सर्वांचे आणि अर्धे कोणाचे तरी. अक्काला मी हे समजावून सांगू लागलो तेव्हा ती म्हणाली, “गाणी मला पाठ आहेत. प्रस्तावना राहू दे.”

अशी जोडकामे आपल्याभोवती पुष्कळ आहेत. रामकथा कोणाच्याच मालकीची नाही. परंतु १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने ऐकवलेले ‘गीतरामायण’ माडगूळकरांच्या शब्दांचे आणि सुधीर फडके यांच्या चालींचे आहे. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, फडके २००२ मध्ये. तेव्हा शब्दांची मुदत २०३७ अखेर सरेल आणि चालींची २०६२ अखेर. ज्ञानेश्वरी सर्वांची, पण हयात पंडिताने तिच्यावर लिहिलेली टीका त्या पंडिताची. जुन्या इंग्रजी कादंबरीचा नवा मराठी अनुवाद अनुवादकाचा. आमच्या वसाहतीतल्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात एका हयात नाटककाराची एकांकिका करावयाची ठरवली तेव्हा मी हा कायदा घेऊन धावलो. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला तर कायदा त्याला सूट देतो, हे वाचून मलाच निमूट खाली बसावे लागले. तरीही आम्ही नाटककारांना पत्र लिहिले. त्यांचे दोन ओळींचे उत्तर तरुण पोरांनी फलकावर लावले होते.

आता माझ्या चुकीकडे येतो. ‘श्यामची आई’ संपली आणि अक्काने ‘ययाति’ मागितली. मी उत्साहाच्या भरात पहिली दोन प्रकरणे वाचली आणि, सवयच झाली होती म्हणून, ती वसाहतीच्या मराठी गटावरही टाकली. शाबासकी भरपूर मिळाली. संध्याकाळी सूनबाई काही न बोलता माझ्यापुढे कागद-पेन्सिल ठेवून गेली. मी गणित मांडले. वि. स. खांडेकर २ सप्टेंबर १९७६ रोजी गेले. १९७७ पासून साठ वर्षे, २०३६ अखेर. म्हणजे मी जे वाटत होतो ते वाटण्याचा अधिकार मला नव्हता. ज्या पुस्तकावर कोणाचा तरी प्रपंच अंशतः चालत असेल, ते मी फुकट वाटून वर कौतुक घेतले होते. गटावरून ती प्रकरणे काढून टाकली आणि तसे लिहिलेही. काहींनी थट्टा केली. ती योग्य होती.

पण मग अक्काचे काय? २०३७ चे वर्ष उजाडेपर्यंत तिने थांबावयाचे? ती तेव्हा त्र्याण्णव वर्षांच्या पलीकडे असेल. मी हे तिला सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे कायदा म्हणतो, डोळस माणसानं विकत घ्यावं आणि आंधळ्यानं वाट बघावी?” मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री मी तो कायदा पुन्हा काढला, आणि या वेळी दुरुस्त्यांसकट.

उत्तर २०१२ च्या दुरुस्तीत होते. दृष्टिहीन किंवा अन्य अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या माणसासाठी कोणाही व्यक्तीने ते पुस्तक त्याला उपयोगी पडेल अशा रूपात, ब्रेलमध्ये, मोठ्या अक्षरांत किंवा आवाजात करून द्यावे. त्याच्या खासगी वाचनासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी दिले तर हक्काचा भंग होत नाही. संस्थांनाही ही मुभा आहे; त्यांनी नफा घ्यावयाचा नाही. पुढच्याच वर्षी मोरोक्कोतील माराकेश येथे याच धोरणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ च्या जूनमध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश आपला होता. पहाटे चार वाजता हे वाचून मी एवढा आनंदलो की तसाच फोन लावला. अक्का जागीच होती. आंधळ्या माणसाला रात्र-दिवस सारखेच, असे ती म्हणते.

तेव्हापासून ‘ययाति’चे वाचन एकाच फोनवर जाते. भजनी मंडळातल्या बायका रुसल्या आहेत. त्यांतल्या एकीने पुस्तक विकत आणले, हे अक्काने मला मुद्दाम कळवले.

दुसरीकडे माझीच ‘श्यामची आई’ मला एक दिवस परक्या ठिकाणी भेटली. कोणी एकाने माझे वाचन, माझे नाव गाळून, जाहिराती लावून आपल्या नावे चढवले होते. पुस्तक मुक्त असले तरी वाचनाच्या ध्वनिमुद्रणावर वेगळा हक्क असतो, तो माझा. मी संतापलो. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्हीही गुरुजींना कुठे पैसे दिलेत?” पोराचे बोलणे अगदी बरोबर नव्हते, अगदी चूकही नव्हते. गुरुजींचे नाव मी पहिल्या वाक्यात घेत होतो. त्या गृहस्थाने माझे गाळले होते. खरी टोचणी तेवढीच होती. सूनबाईने तोड सुचवली. तिच्या रोजच्या कामात लिनक्ससारख्या मुक्त आज्ञावली असतात. त्यांचा हक्क कर्त्यांनी सोडलेला नसतो. आपला हक्क ठेवूनच ते सर्वांना, ठरावीक अटींवर, वापराची मोकळीक देतात. पुस्तकांसाठी आणि आवाजासाठी तसाच ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाचा परवाना आहे. येथल्या कन्नड कादंबरीकार निरंजन यांची पुस्तके त्यांच्या वारसांनी अशा परवान्याखाली खुली केली आहेत. मीही माझ्या बेचाळीस रात्रींवर तो घातला. अट एकच : नाव सांगा.

आणि एक गोष्ट सांगावयाची राहिली. मुदत संपली म्हणजे पुस्तक आपोआप आपल्या हाती येते, असे मी समजत होतो. तसे होत नाही. अक्काला शाळेत असताना वाचलेली हरिभाऊ आपट्यांची एक कादंबरी हवी होती. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले. हक्काचा प्रश्नच नाही. पण मला ती बंगळुरात कोठे मिळेना. शेवटी मिळाली ती इंटरनेट आर्काइव्हवर. येथल्याच भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने जुन्या पुस्तकांची पाने यंत्राने टिपून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली होती. ते संकेतस्थळ पुढे बंद पडले, पण त्यातली पुष्कळशी पुस्तके लोकांनी आर्काइव्हवर उतरवून ठेवली. पाने वाकडी, कडा कापलेल्या, काही ठिकाणी पान धरणाऱ्याचा अंगठाही आलेला. त्यावरून शोधता शोधता मी मराठी विकिस्रोतावर पोहोचलो. तेथे अशा मुक्त पुस्तकांची टिपलेली पाने एका बाजूला असतात आणि यंत्राने ओळखलेली अक्षरे दुसऱ्या बाजूला. यंत्र ‘घर’चे ‘धर’ करते, ‘भाऊ’चे ‘माऊ’. कोणीतरी बसून ते ताडून पाहावयाचे असते. न तपासलेले पान लाल, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्याने पुन्हा पाहिले की हिरवे.

एकतीस वर्षे केलेले काम असे पुन्हा माझ्या पुढ्यात आले. पगार नाही, खिळ्यांचा वास नाही, मालकाची हाक नाही. पहाटे अक्कासाठी प्रकरण वाचून झाले की बसगाड्यांची रांग लागेपर्यंत मी दोन-तीन पाने पिवळी करतो. ती हिरवी कोण करते ते मला ठाऊक नाही. काल ते काम अक्काला सांगत होतो. तिने विचारले, “त्यात चुका निघतात का रे अजून?” म्हटले, पानागणिक पंचवीस तरी. “मग बरं आहे,” ती म्हणाली. “आता ‘ययाति’चं पुढचं पाठव.”